फक्त माझ्या हातात उकळणारी गाडी

आमची जुनी गाडी फक्त माझ्या हातात उकळायची. मुलगा चालवायचा तेव्हा तापमानाचा काटा शहाण्या मुलासारखा मधोमध बसून राहायचा. मी बाजाराच्या गर्दीत शिरलो, की काटा लाल रेघेला टेकायचा आणि बॉनेटखालून वाफ यायची. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा मागच्या सीटवर नात होती. ती घाबरून रडायला लागली. त्या दिवशी मुलाने खुंटीवरची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"बाबा, काटा चढतो तो दिसत नाही का? तुमचं हल्ली लक्ष राहत नाही," तो म्हणाला.

मी शिंपी. उभा जन्म कात्री चालवली, कुणाची बाही कधी तोकडी झाली नाही, आणि हा मला लक्ष द्यायला शिकवणार! मी त्याला वाट्टेल ते बोललो. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की सुटला. पण त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून काही जाईना. गॅस बंद केलाय ना, हे मी पुन्हा पुन्हा जाऊन बघू लागलो. एकदा शेजाऱ्याचं नाव ओठांवर येऊन अडकलं आणि ते आठवेपर्यंत मी दारातच उभा राहिलो. बायकोला यातलं काहीच सांगितलं नाही.

शेवटी गाडी विकायचं ठरलं. विकण्याआधी एकदा दाखवून घेऊ, म्हणून आम्ही दोघं टेस्टरकडे गेलो. हा गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. तपासायचा दिवा कायम गळ्यात अडकवलेला असतो, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणतात.

मुलगा काचा लावून आत गारेगार बसला होता. टेस्टरने त्याला इंजिन चालूच ठेवायला सांगितलं आणि बॉनेट उघडलं. रेडिएटरचा पंखा व्यवस्थित फिरत होता. मग इंजिन बंद करून त्याने फ्यूज उजेडात धरून पाहिला, पंख्याला करंट सोडणारा रिले बदलून पाहिला, पंख्याच्या मोटरला थेट बॅटरीवरून करंट दिला. पंखा भिंगरीसारखा फिरला.

"गाडी ठणठणीत आहे," फडक्याला हात पुसत तो म्हणाला. "आता चालवणाऱ्यातच काही फरक असेल, तर मी काय सांगणार?"

मुलगा माझ्याकडे बघायचं टाळत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच आपलं काहीतरी बिघडत चाललंय, असं मला त्या क्षणी वाटलं. आणि असं वाटल्याचाच राग आला.

"ऊठ तिथून," मी मुलाला म्हटलं. "मी बसतो. गाडी हलवतसुद्धा नाही. होऊन जाऊ दे."

मी बसलो, काच खाली केली, इंजिन सुरू केलं. ते दोघं खिडकीशी उभे राहिले आणि आम्ही तिघंही काट्याकडे बघत बसलो. काटा मध्यावर आला, मध्य ओलांडला आणि सावकाश वर चढू लागला.

"बघा!" मुलगा म्हणाला. "बाबा बसले की चढतो. मी म्हणत नव्हतो?"

"अरे गाढवा, मी नुसता बसलोय! गिअर नाही, क्लच नाही, रस्ता नाही. आता बसण्यातही माझं लक्ष राहत नाही का?"

टेस्टरला हसू फुटलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. तो पुढे जाऊन बॉनेटखाली वाकला.

"पंखा बंद आहे," तो म्हणाला. "काका, बसल्याबसल्या हात कशाकशाला लावलात?"

"कशाला लावणार? एसी बंद केला, काच खाली केली. नेहमी तेच करतो. फुकटचा वारा असताना विकतचा कशाला?"

"आणि हे?" टेस्टरने मुलाकडे बोट दाखवलं.

"ह्याला? ह्याला आधी एसी लागतो, मग गाडी."

टेस्टरने आत हात घालून एसी लावला. पंखा फिरायला लागला. एसी बंद केला, पंखाही बंद. मग रेडिएटरवर बसवलेल्या एका छोट्या स्विचचा प्लग त्याने काढला आणि प्लगची दोन्ही टोकं वायरीच्या तुकड्याने जोडली. एसी बंद असूनही पंखा घरघरत सुरू झाला आणि काटा उतरू लागला.

"मोटर चांगली, वायरिंग चांगलं," तो म्हणाला. "हा स्विच मेलाय. पाणी तापलं की पंखा चालू करायचं काम ह्याचं. एसी लावला, की पंखा ह्याला विचारत बसत नाही, आपला आपण फिरतो. म्हणून ह्यांच्या हातात गाडी तापलीच नाही. काका, तुमच्या हातात काही खोट नाही."

गाडी निवल्यावर त्याने स्विच बदलला, पाणी भरलं आणि एसी बंद ठेवून इंजिन चालू केलं. काटा थोडा चढला, पंखा आपणहून सुरू झाला, काटा जागेवर आला.

मी मनात चार वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एक जरी बोललो असतो, तरी पोराने आठवडाभर मान वर केली नसती. तेवढ्यात त्याने खिशातून मोबाइल काढला.

"बाबा," तो खाली बघत म्हणाला, "मी उद्याची डॉक्टरांची वेळ घेतली होती. तुमच्यासाठी. माणूस विसरायला लागलाय का, ते तपासतात. तुम्हाला आयत्या वेळी सांगणार होतो. आता रद्द करतो."

इतके दिवस मला वाटत होतं, की पोरगा माझ्यावर चिडलाय. तो चिडला नव्हता, घाबरला होता. माझ्याइतकाच. मला त्याची इतकी माया आली, की जुळवलेली वाक्यं तोंडातच राहिली.

"रद्द करू नकोस," मी म्हटलं.

"पण दोष स्विचचा होता ना?"

"गाडीचं कळलं. माझं अजून कुठे कळलंय?" मी म्हटलं. "मलाही तीच भीती आहे. तुझ्या आईला सांगितलेलं नाही."

त्याने मोबाइल पुन्हा खिशात ठेवला.

"उद्या वेळेवर तयार राहा," मी म्हटलं. "गाडी मी चालवणार आहे."