मिस्त्रींची बोट

चष्मेवाल्यांनी काउंटरवरच्या फ्रेमा एका बाजूला सारल्या, छापून आणलेला फोटो मधोमध पसरला आणि दुकानातलं सगळ्यांत मोठं भिंग तिच्या हातात दिलं.

"घ्या वहिनी. आता तुम्हीच शोधा."

फोटो त्याच सकाळचा होता. परदेशात जिथं बोट दुरुस्तीला गेली होती, त्या गोदीजवळ राहणाऱ्या कुणा बोटवेड्यानं बोट धक्क्यावरून सुटता सुटता काढून पाठवलेला. चौदा महिन्यांपूर्वी गंजलेली, धूर ओकत गेलेली फेरीबोट त्यात ओळखू येत नव्हती. नवी इंजिनं, नवा डेक, चोहीकडून पांढराशुभ्र रंग. बोट पोहोचवून बाकीचे खलाशी तेव्हाच विमानानं परतले होते. इंजिनाच्या कामावर लक्ष ठेवायला तिचा नवरा तेवढा मागे राहिला होता. आज तो त्याच बोटीतून, नव्या खलाशांबरोबर, घरी यायला निघाला होता. अडतीस दिवसांचा प्रवास.

"कठड्याशी बघा," मास्तर तिच्या खांद्यामागून म्हणाले. मास्तर म्हणजे शाळेतून भूगोल शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. बोटींची एक जाड वही घेऊन ते रोज दुपारी दुकान बंद असताना इथे येत. चष्मेवाले, मास्तर आणि आणखी पाचसहा जण. सारं गाव त्यांना बोटवेडे म्हणायचं आणि तेही ते नाव कौतुकानं मिरवायचे. फेरीच्या तिकीट खिडकीवर बसणाऱ्या बाईला त्यांनी आपल्यात घेतलं होतं ते बोटीच्या मिस्त्रींची बायको म्हणूनच.

तिनं कठड्यावरून भिंग फिरवलं. नऊ माणसं उभी होती. कुणाचे हात वर, कुणाच्या हातात दोर. त्यांत तो नव्हता. भिंग खाली सरकलं आणि धक्क्यावर आलं. तिथं दहाबारा माणसं बोटीकडे तोंड करून उभी होती. एक मात्र निघाला होता. डोक्यावर मागच्या बाजूला टक्कल, हत्यारांची पेटी वाहून वाहून उतरलेला डावा खांदा. हातात जाळीची पिशवी, पिशवीत दुधाचा खोका आणि लांब पाव. बोटीकडे त्याची पाठ होती. सकाळचं दूध घेऊन माणूस घरी निघावा, तसा तो चालला होता.

तिनं भिंग पुन्हा एकदा त्या खांद्यावर धरलं. मग उचललं.

"सापडले?"

"नाहीत," ती म्हणाली. "खाली इंजिनात असतील. निघताना वर यायला कुठली फुरसत?"

"बरोबर," मास्तरांनी लगेच वहीत लिहून घेतलं. "निघताना मिस्त्री इंजिनघरात."

पर्समध्ये तिचा फोन होता आणि फोनमध्ये त्याचा सकाळचाच निरोप: निघालो. आता महिना-दीड महिना रेंज नाही. आईला सांग.

घरी जाताना ती चढावर दोनदा थांबली. बोलायची वेळ आली की हा माणूस इंजिनात उतरायचा, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. अवघड काही विचारलं, की ह्याला कुठला तरी वॉल्व्ह तपासायचा असे. आता त्यानं अडतीस दिवस काढून घेतले होते. पुढे काय, याचा त्यानं विचारही केला नसेल.

दारात सासूबाई उभ्या होत्या.

"निघाला का गं?"

एवढंच तर सांगायचं होतं. पण म्हातारीच्या हातात कॅलेंडर होतं, अडतिसावा दिवस कुठला ते बोट ठेवून मोजलेलं. एकुलता एक मुलगा. हिचं काय होईल?

"निघाला," ती म्हणाली.

त्यानंतर खोटं आपल्या पायांनी चालत राहिलं. रोज सकाळी तिकीट खिडकीवर मास्तरांचा फोन यायचा. फोनवरच्या जहाजांच्या नकाशात बोटीचा हिरवा बाण कुठवर आला, वेग किती, वारा कुठून, हे ते सांगायचे आणि मग हलकेच विचारायचे, "मिस्त्रींकडून काही?" आधी ती नाही म्हणायची. बोटीनं मधल्या एका बंदरात तेल घेतलं त्या दिवशी मास्तरांचा आवाज इतका आशाळभूत झाला, की तिच्या तोंडून निघून गेलं, "हो, दोन मिनिटं बोलले. म्हणाले, नव्या इंजिनाचा आवाज जुन्यापेक्षा मऊ आहे."

"मऊ!" मास्तर म्हणाले. "थांबा हं, लिहून घेतो."

खोटं बोलणं इतकं सोपं असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. तात्पुरत्या छोट्या लाँचची तिकिटं फाडताना रोजचे प्रवासी विचारत, "काय, कुठवर आले साहेब?" आणि ती अक्षांश-रेखांशासकट सांगत असे. लोक हसत, कौतुक करत. रात्री दिवा मालवल्यावर मात्र तिला तो चालता खांदा दिसे आणि ती कूस बदलत राही. तो कुठल्या घराकडे चालला होता, तिथलं दार कोण उघडत होतं, हे प्रश्न ती स्वतःलाही पुरते विचारत नव्हती. फोन तिनं दोनदा लावला. दोन्हीदा बंद.

संध्याकाळी सासूबाई विचारत, "आज कुठपर्यंत?" ती सांगे. सासूबाई तारखेवर फुली मारत.

तेविसाव्या दिवशी बाण थांबला.

रविवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मास्तर, चष्मेवाले आणि आणखी दोघं थेट घरीच आले. भर समुद्रात वादळ होतं, बोटीचा वेग शून्यावर आला होता आणि पहाटेपासून बाणही दिसत नव्हता. मास्तरांच्या शर्टाची बटणं खालीवर लागली होती. चष्मेवाल्यांनी खुर्चीवर बसून चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले.

"इंजिन बंद पडलं असणार," मास्तर म्हणाले. "बोट वाऱ्याला आडवी झाली तर... पण तसं होणार नाही. मिस्त्री आहेत ना खाली! दुसरा कुणी असता तर मी घाबरलो असतो."

"हो," ती म्हणाली.

"आजी, तुम्ही धीर सोडू नका."

"नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "आमचा आहे खंबीर."

दोन तास बसून, चहा घेऊन, चारचारदा फोन तपासून मंडळी गेली.  जाताना चष्मेवाल्यांनी नुसते हात जोडले.

दोघी जेवायला बसल्या. बाहेर स्वच्छ ऊन होतं. तिनं भाजी वाढली, भात वाढला. सासूबाईंनी शांतपणे कालवला, चव पाहिली, थोडं मीठ मागून घेतलं. भात संपल्यावर ताट पुढे केलं.

"अजून थोडा वाढ. मऊ झालाय आज."

तिनं वाढला आणि आपल्याही ताटात उरलेली भाजी घेतली. दोघी जेवत राहिल्या. मग शेवटचा घास तोंडाशी नेता नेता तिचा हात थांबला. एरवी मुलाला घरी यायला तासभर उशीर झाला, तरी ही बाई पाणीसुद्धा घेत नसे. आज मुलगा वादळात आहे आणि हिनं दुसऱ्यांदा भात मागितला.

तिनं वर पाहिलं. सासूबाईही तिच्याकडेच पाहत होत्या. तिच्या चेहऱ्याकडे नाही, तिच्या स्वच्छ पुसलेल्या ताटाकडे.



"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"बोट निघायच्या आधी आठ दिवस. तू ड्युटीवर होतीस. फोन आला होता." सासूबाईंनी ताटाच्या कडेवरची शितं एकत्र केली. "तिथंच नोकरी धरलीय म्हणाला. आणि... एकटा नाहीये म्हणाला."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"तोच म्हणाला, तिला सांगू नकोस."

"तो म्हणाला म्हणून?"

सासूबाईंनी मान हलवली. हो की नाही ते कळेना. "मला वाटलं, तुला कळलं की तू इथं कशाला थांबशील? तुझं इथं कोण आहे मग? जेवढे दिवस जातील तेवढे जातील, म्हटलं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"फोटोत दिसला."

"कसा होता?"

तिला वाटलं होतं, राग येईल. आला तो असा आला, की तिनं उठून दोन्ही ताटं एकावर एक आदळली. "चांगला होता," ती म्हणाली. "अंगानं सुटलाय जरा."

त्या संध्याकाळी बाण पुन्हा हलला. मास्तरांनी आनंदानं ओरडतच फोन केला. "मिस्त्रींनी इंजिन चालू केलं!" ती खिडकीशी उभी राहून ऐकत राहिली. पुढचे पंधरा दिवस घरात दोघी कामापुरतं बोलल्या. फुल्या मारणं बंद झालं.

अडतिसाव्या दिवशी धक्क्यावर अर्धं गाव होतं. बोट लांबून भोंगा वाजवत आली तेव्हा चष्मेवाले लहान मुलासारखे रडले. बोटवेड्यांनी कापडी फलक शिवून आणला होता. त्यावर बोटीच्या नावाखाली तिच्या नवऱ्याचं नाव होतं. ती न येती तरी चाललं असतं. पण नेमका ड्युटीचा दिवस होता आणि खिडकी धक्क्यावरच होती.

शिडी लागली. खलाशी उतरले. शेवटी कप्तान उतरला. मास्तर वही काखेत धरून पुढे झाले.

"आमचे मिस्त्री?"

कप्तानानं फलकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ते बोटीवर चढलेच नाहीत. तिथल्या गोदीत कामाला लागले ना? घरी माहीत असेल."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मास्तर वळले. त्यांनी वही उघडली, एक पान उलटलं, आणखी एक उलटलं. "वहिनी, मग हे... आवाज मऊ आहे... वादळात इंजिन..."

"ते मी सांगितलेलं. वादळातलं तुमचं तुम्हीच लिहिलंत."

"पण ही नोंद आहे," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "तिकडच्या मंडळींनाही पाठवली मी. चार देशांत गेलीय."

 चष्मेवाल्यांनी फलकाचं एक टोक सोडून दिलं.  कुणाला तरी तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला असेल. कुणी ठेवला नाही. मग ऊन ढगाबाहेर आलं आणि बोटीची सबंध पांढरी बाजू झळाळून उठली.

"वहिनी," चष्मेवाले खालच्या आवाजात म्हणाले, "वाईट झालं हो. फार वाईट झालं." त्यांनी कॅमेरा वर केला, पुन्हा खाली घेतला. "जरा... जरा बाजूला होता का? समोरून पूर्ण येतेय, म्हणून."

ती बाजूला झाली. जाऊन खिडकीत बसली. पुढच्या सोमवारपासून बोट रोज आठ फेऱ्या करणार होती आणि प्रत्येक फेरीचं तिकीट तिला फाडायचं होतं.

ड्युटी संपवून ती घरी आली तेव्हा दार उघडंच होतं. आत, उंबऱ्याला लागून, सासूबाईंची कापडी पिशवी होती. दोन लुगडी, औषधांचा डबा, वर नीट घडी केलेली शाल. सासूबाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. पायांत चपला होत्या.

"भोंगा ऐकला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता सगळ्यांना कळलं असेल."

"कळलं."

"मुलीकडे जाईन म्हणते मी."

तिची नणंद दुसऱ्या शहरात होती. वर्षाकाठी एखादा फोन करायची.

"बोलावलंय त्यांनी?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "विचारलं नाही अजून."

ती आत आली. मागे हात करून तिनं दार ओढलं, पण ते लागेना. पिशवी आडवी येत होती. तिनं खाली न बघता ती पायानं आत सरकवली आणि दार लावून घेतलं.