तेवढी जागा सोडून

सासऱ्यांवर ओरडता येत नाही, ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी गैरसोय. येत असतं, तर त्या शुक्रवारी जपानमधल्या त्सुकुबातल्या आमच्या इमारतीच्या चारही मजल्यांना मी मराठी शिकवलं असतं.

संध्याकाळी संस्थेतून आलो, तर बाल्कनीत वर्तमानपत्रावर हेल्मेट ठेवलेलं. पाणबुड्याचं, तांब्याचं, समोर आणि दोन्ही बाजूंना जाड काचा असलेलं. सकाळी ते राखाडी होतं, मधे मधे हिरवट. आता लख्ख तांबडं. शेजारी चिंचेचा कोळ, मीठ, तारेची घासणी आणि बाह्या दुमडून बसलेले आप्पा. आप्पा म्हणजे सुचेताचे वडील, तीन महिन्यांसाठी ठाण्याहून आलेले.

"बघा पंढरीनाथराव," ते म्हणाले, "आतूनसुद्धा घासलंय."

हेल्मेट माझं नव्हतंच. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ओनुकी-सान नावाच्या कारागिराने राजधानीतल्या कोतो भागात, आपल्या छोट्या कारखान्यात ते ठोकून ठोकून घडवलं होतं. ते घालून चिदा नावाचा पाणबुड्या उत्तरेच्या किनाऱ्यावर शिंपले काढायला समुद्राच्या तळाशी उतरायचा. मागच्या वर्षी मार्चमध्ये त्सुनामीत तो गेला, सापडला नाही. हेल्मेट मात्र दोन महिन्यांनी चिखलात सापडलं, आणि त्याच्या बायकोने ते ज्याने घडवलं त्याच्याकडेच पाठवलं. तांब्यात मीठ किती मुरलंय आणि कल्हई किती उरलीय, हे मोजायला ओनुकी-साननी ते आमच्या संस्थेत आणलं. धातूंचं गंजणं हा माझा विषय, म्हणून ते माझ्या टेबलावर आलं. मोजून झालं, आणि रविवारी परत द्यायचं म्हणून गुरुवारी मी ते घरी आणलं.

देताना त्यांनी मला आत बोट घालून दाखवलं होतं. नळीतून हवा येत राहते, जास्त झालेली सोडायला पाणबुड्या मान कलती करून डोक्याने आतलं एक बटण दाबतो. हजारो वेळा दाबून बटणाजवळची कल्हई चिदाच्या डोक्याने घासून गेली होती. तिथे नुसतं तांबं दिसायचं. बाईंना ती जागा हवी आहे, ओनुकी-सान म्हणाले, नवऱ्याचं तेवढंच उरलंय. मोजा, पण पुसू नका.

आणि आता सगळंच तांबं. ती जागा कुठली आणि बाकीचं कुठलं, देव जाणे.

आप्पांना मी दातओठ खात, अत्यंत आदराने विचारलं, की तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं होतं? ते गोंधळले. हेल्मेट कारागिराकडे कल्हईला जाणार, असं सुचेता म्हणाली होती. कल्हईला द्यायचं भांडं आधी घासून द्यायचं असतं, जुन्या कल्हईवर नवी धरत नाही. लहानपणी त्यांच्या घरी हे काम त्यांच्याकडेच असायचं. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि त्यामुळे माझं डोकं आणखीच फिरलं. मी सुचेतावर भडकलो. ती म्हणाली, मला तू नाश्ता करता करता अर्धं वाक्य सांगितलंस, आप्पांना तेवढंही नाही. मी दार आपटून आत गेलो. आतले फोटो मी शनिवारी काढणार होतो.

रविवारी आप्पा म्हणाले, मीही येतो, चूक माझी आहे. नको म्हणायलासुद्धा मी तोंड उघडलं नाही. ट्रेनमध्ये ते हेल्मेट मांडीवर घेऊन बसले आणि मी कोतोपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

चिदाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. साठीच्या, बुटक्या, हात खरखरीत. मी हेल्मेटवरचं कापड सोडलं. आधी ओनुकी-सान बोलले. ऐंशी वर्षांच्या त्या माणसाने माझ्याकडे बघून एकच वाक्य म्हटलं, "मी तुम्हाला सांगितलं होतं." आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. मी कमरेत वाकून माफी मागितली आणि वाकल्या वाकल्या मनात आप्पांना शिव्या घातल्या.

मग चिदाबाईंनी विचारलं, हे घासलं कुणी? मी आप्पांकडे बोट दाखवलं. लाज नाही वाटली मला.

त्यांनी आप्पांकडे वळून काही विचारलं. त्याचं मराठी करताना माझीच जीभ अडखळली. आत घासताना हाताला कुठे काही वेगळं लागलं का?

"लागलं की," आप्पा लगेच म्हणाले. "एके ठिकाणी घासावंच लागलं नाही. बटणाच्या वरच्या अंगाला, जरा मागे. आधीच गुळगुळीत होतं, आणि किंचित खोल."

बाईंनी हेल्मेट उलटं करून हात आत घातला. आप्पा सांगत होते, अजून वर, आता मागे, आणि मी ते जपानीत म्हणत होतो. त्यांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, केवढी होती? आप्पांनी तळहातावर अंगठ्याने गोल काढून दाखवला, लिंबाएवढा.

चिदाबाईंनी तो गोल बघितला. मग म्हणाल्या, "त्यांच्या कानाच्या वरचे केस गेले होते. एवढ्याच जागेतले. मी रोज रात्री तिथे तेल लावायचे."

हे मी आप्पांना सांगितलं.

ओनुकी-साननी पेन्सिल काढली. बाईंनी बोट ठेवलं त्याभोवती आतून रेघ ओढली. म्हणाले, तेवढी जागा सोडून कल्हई करतो. मग मला म्हणाले, तुमच्या मोजमापाशी एकदा ताडून बघू.

मी कागद काढला. कल्हईची जाडी, बारा ठिकाणी, दशांश चिन्हानंतर दोन आकडे. तेराव्या ठिकाणी कल्हईच नव्हती, यंत्राने आकडा दिला नव्हता, म्हणून ती ओळ मी खोडून टाकली होती. जागा कुठली, केवढी, काही लिहिलं नव्हतं.

"काय लिहिलंय?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि कागदाची घडी घातली.