शून्य मिनिटं

जावयाने भर बैठकीत छाती ठोकून सांगितलं, "शून्य मिनिटं."

ॲम्ब्युलन्ससाठी येणारे फोन घेणाऱ्या कंट्रोल रूमचे नेटवर्क स्विच बदलायचे होते आणि ते काम त्याच्याकडे होतं. तेवढ्यात फोन किती वेळ बंद राहतील, हा प्रश्न होता. समोर कंट्रोल रूमच्या प्रमुख बाई बसल्या होत्या. त्या त्याच्या सख्ख्या सासूबाई होत्या हे त्याचं एक दुर्दैव, आणि त्यांचा त्या शून्यावर काडीचाही विश्वास नव्हता हे दुसरं. लग्नाला सात वर्षं झाली, पण त्यांनी त्याला घरातला साधा दिवासुद्धा बदलू दिला नव्हता. तो स्टुलावर चढला की म्हणायच्या, राहू द्या, इलेक्ट्रिशियनला बोलावते. आणि हा माणूस पोटासाठी अख्खी डेटा सेंटर्स सांभाळत होता.

नेटवर्कवाले मुळातच फुशारकी मारणारे, त्यातून याचं गणित खरोखर सोपं होतं. तळघरातल्या थंडगार खोलीत दोन स्विच, म्हणजे केबल जोडायची खोकी, एकावर एक. प्रत्येक सर्व्हरच्या दोन केबल, एक वरच्या स्विचला, एक खालच्याला. वरचा काढला की काम खालच्यावरून चालतं, वरचा नवा बसला की मग खालचा काढायचा. सांगता सांगता त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"आणि नाही चाललं तर?" बाईंनी विचारलं.

"न चालायला काय झालं? स्क्रीनवर दोन्ही दिवे हिरवे आहेत."

"असतील. पण रक्तबंबाळ माणूस फोन करतो तो मला, तुमच्या स्क्रीनला नाही. येत्या रविवारी दुपारी वरचा स्विच नुसता बंद करून दाखवा. पंधरा मिनिटं मी सगळे फोन शेजारच्या केंद्राकडे वळवते. नीट चाललं, तर पुढच्या रविवारी खुशाल बदला."

"अहो आई, चाललंय ते बरं चाललंय, उगाच कशाला..."

"ऑफिसात बाई म्हणा, जावईबापू."

बैठकीतल्या सगळ्यांनी एकदम आपापल्या कागदांत डोकं घातलं.

रविवारी दोनला तो फणफणतच तळघरात उतरला. मोबाइलवर बाई होत्या. त्याने वरचा स्विच बंद केला आणि ऐटीत विचारलं, "काही कळलं का?"

"कळलं ना. फोन गेले."

"कुठले?"

"सगळे."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बंद केलेला स्विच पुन्हा उठायला आठ मिनिटं घेतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. तो रॅकच्या मागे घुसला, गुडघ्यांवर बसला आणि टॉर्च दातांत धरून केबल बोटांनी चाचपत निघाला. फोनच्या सर्व्हरच्या दोन्ही केबल वरच्याच स्विचमध्ये खोचलेल्या होत्या. दिवे हिरवे दिसणारच, दोन्ही केबल जिवंतच होत्या की. त्याने त्यातली एक उपटली आणि खालच्या स्विचमध्ये घातली.

"आले," बाई म्हणाल्या. "चार मिनिटं."

"एरवी चार मिनिटांत किती फोन येतात?"

"रविवारी दुपारी? सात-आठ."

पुढच्या रविवारी हे फोन कोणीही वळवले नसते. तो तिथेच फरशीवर बसून राहिला.

मग त्याचं लक्ष केबलवरच्या चिठ्ठीकडे गेलं. 'तात्पुरतं. उद्या बदलणे.' खाली सात वर्षांपूर्वीची तारीख, त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची. अक्षर त्याचंच.

खापर फोडायला माणूस तयार होता. आधीचा ठेकेदार केव्हाच परदेशी गेला होता, आणि तळघरातल्या झुरळांपासून गळक्या नळापर्यंत सगळ्याचा दोष आजवर त्याच्याच नावावर जमा होता. आणखी एकाने त्याचं काही बिघडणार नव्हतं. चिठ्ठी खिशात घालून जावई जिना चढला. तिसऱ्या पायरीपर्यंत ठेकेदारच दोषी होता.

वर गेल्यावर त्याने चिठ्ठी बाईंच्या टेबलावर ठेवली. "हे अक्षर माझं आहे."

बाईंनी चष्मा चढवून वाचलं. "उद्या का नाही बदललंत?"

"उद्या लग्न होतं."

"ठाऊक आहे. होते मी तिथे." त्यांनी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली आणि वळवलेले फोन परत घ्यायला सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

आठवडाभर त्याने एकेक केबल हाताने ओढून पाहिली. असले आणखी दोन घोळ सापडले आणि सुदैवाने त्यातला एक खरोखरच ठेकेदाराचा निघाला. पुढच्या रविवारी दुपारी त्याने दोन्ही स्विच बदलले. वर फोन वाजत होते, माणसं बोलत होती, ॲम्ब्युलन्स सुटत होत्या. साडेतीनला घामाघूम होऊन तो वर आला, तेव्हा बाईंनी मान वर न करता विचारलं, "कधी सुरू करताय?"

"झालं, बाई."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पुढचा फोन उचलला.

सोमवारी वरच्या ऑफिसला जाणारा अहवाल त्याच्याकडे सहीला आला. कालच्या कामापुढे बाईंनी लिहिलं होतं: बंद काळ, शून्य. त्याने ते दोनदा वाचलं. मग धीर करून वरची ओळ पाहिली.

चाचणी. बंद काळ, चार मिनिटं. चुकीला जबाबदार: जावई. लग्नाची तारीख मी ठरवली होती.