डावा कान

न्हाव्याची कात्री डाव्या कानामागे फिरत होती, तेवढ्यात चॅम्पियन खुर्चीत ताडकन सरळ झाला. कात्रीचं टोक पाळीला लागलं आणि रक्ताचा बारीक थेंब आला.

"हलू नका की," न्हावी म्हणाला. "जन्मभर ठोसे खाल्लेत आणि माझ्या कात्रीला घाबरता?"

"कोण बोललं?"

"मीच बोलतोय मघापासून. तुम्ही नुसतं हूं हूं करताय."

"तू नाही रे. बाईमाणूस बोललं. या बाजूनं."

न्हाव्याचा हात थांबला. दुकानात ते दोघंच होते. आरशात मागचं बाकडं रिकामं दिसत होतं. त्यानं चॅम्पियनच्या डाव्या कानाकडे पाहिलं. तो कान वाळलेल्या फळासारखा मुडपलेला होता आणि ठार बहिरा होता. विजेतेपदाच्या लढतीत तो गेला, ही गोष्ट न्हाव्यालाच काय, सगळ्या शहराला तोंडपाठ होती.

"रस्त्यानं कुणी गेलं असेल," न्हावी म्हणाला आणि कापूस शोधायला लागला. राहिलेले केस त्यानं एक अक्षर न बोलता कापले. असं आजवर कधी झालं नव्हतं.

रस्त्यानं कुणी गेलं नव्हतं. आवाज बायकोचा होता. ती म्हणाली होती, "आज पुन्हा कळ आली. आत्ता सांगत नाही. रविवारी तुमचं भाषण आहे, ते होऊ दे."

तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या रविवारच्या भाषणाहून तो घरी आला, तेव्हा ती स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली होती.

कानाच्या डॉक्टरांनी दिवा घालून पाहिलं, यंत्र लावलं आणि मान हलवली.

"ही भिंत आहे. भिंतीतून काही येत नसतं." मग वातावरण हलकं करायला म्हणाले, "लोक एका कानानं ऐकतात आणि दुसऱ्यानं सोडून देतात. तुमची ती सोय बंद झालीय."

चॅम्पियन हसला नाही. डॉक्टर बोलत होते तेव्हाच भिंतीपलीकडून ती सांगत होती की जावयाचा निळा सदरा इस्त्रीला टाकायचा राहिला, आणि तो काही बोलणार नाही, पण त्याची आई बोलेल.

मुलगी आठवड्यातून एकदा येऊन त्याचं घर आवरून जायची. ती भांडी घासत असताना त्यानं विचारलं, "तुझी आई माझ्या डाव्या बाजूला का बसायची गं? सगळे उजवीकडे बसतात."

मुलीनं नळ बंद केला.

"तुम्हाला कळत होतं?"

"काय?"

"ती बोलायची तुमच्या त्या कानात. तुम्ही टीव्हीत डोकं घालून बसलात की हळूच. मी लहानपणी विचारलं होतं, बाबांना तिकडून ऐकू येत नाही, मग कशाला सांगतेस? तर म्हणाली, म्हणूनच तर सांगते. मन मोकळं होतं आणि घरात भांडण होत नाही."

"काय सांगायची?"

"मला काय माहीत. तुमच्या कानात सांगायची, माझ्या नाही." तिनं हात पुसले. "आज काय मधेच हे?"

"काही नाही. असंच."

तो टीव्हीसमोर जाऊन बसला. टीव्ही लावला नाही.

हळूहळू त्याच्या लक्षात आलं की ती उलटी चालली आहे. आधी दुखणं आलं. मग मुलीचं बाळंतपण, मग मुलीचं लग्न, मग गळणारी टाकी आणि तिला न विचारता त्यानं विकलेलं कपाट. मग मुलीची दहावी, मुलीचा ताप, मुलीचा पहिला दात. जे जे तिनं त्या कानात टाकलं होतं ते सगळं आत कुठेतरी पडून होतं आणि आता शेवटून सुरुवातीकडे बाहेर येत होतं. आवाजही तसाच बदलत होता. आधीचा दमलेला, घसा खरखरणारा आवाज मागे पडला. आता बोलत होती ती तरुण बाई होती. तिशीतली, मग त्याहून लहान. तो सत्तरीचा म्हातारा खुर्चीत बसलेला आणि त्याच्या खांद्यापाशी कोवळ्या आवाजाची बाई कुरकुरत होती.

"गावभर उठ उठ सांगत फिरतात. सकाळी यांना उठवता उठवता माझा घसा बसतो."

तो एकटाच हसला. मग हसू थांबल्यावर त्याला घरात कुणीतरी असल्यासारखं वाटलं. उठून त्यानं दोन्ही खोल्या पाहिल्या, दारामागेही पाहिलं.

त्यानं उत्तरं देऊन पाहिली. टाकी दुरुस्त करतो म्हणाला. कपाटाबद्दल चुकलं म्हणाला. ती ऐकत नव्हती, तिचं पुढचं चालूच राहायचं. चांगल्या कानात कापसाचा बोळा घालून तो दिवस दिवस बसून राहू लागला. फोन वाजायचा, शेजारी दार ठोठावायचे. म्हाताऱ्याचा दुसरा कानही गेला, असं जिन्यात बोललं जाऊ लागलं.

एक गोष्ट त्याला पक्की कळून चुकली होती. मागे जात जात ती एक दिवस त्या लढतीपर्यंत पोचणार. त्याआधी हा कान धडधाकट होता, त्यात साठलेलं काही नव्हतं. तिथं ती थांबणार. म्हणजे पुन्हा एकदा जाणार, आणि या खेपेला तो शेजारी बसलेला असणार.

त्या लढतीवर तर त्याचं पुढचं सगळं आयुष्य उभं होतं. शेवटच्या फेरीत तो खाली पडला, डोळ्यांपुढे अंधार आला, पंच आकडे मोजायला लागला. हजारो लोकांच्या गलक्यातून त्याला बायकोचा आवाज आला. "उठ." तो उठला. उठल्यावर डाव्या कानशिलावर एक बसला, कान गेला, पण लढत जिंकली. पुढे शाळांत, कारखान्यांत, तुरुंगातसुद्धा तो हेच सांगत गेला. ठोसा मारणारा मोठा नसतो. उठणारा मोठा असतो. आणि उठवणारं कुणीतरी लागतं. हे तो फुशारकीनं सांगत नव्हता, त्याचा त्यावर विश्वास होता. सरावाच्या हॉलमध्ये भिंतीवर माणसाहून उंच अक्षरांत "उठ" रंगवलेलं होतं.

त्या हॉलचे प्रमुख एका सकाळी घरी आले. गळ्यात कायम शिट्टी असायची म्हणून सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणत. बरोबर त्यांच्या हाताखाली शिकणारी डावरी होती. तिचं मूळचं नाव कुणी घेत नसे. डाव्या हाताच्या ठोशानं ती मुलगी शहरात गाजत होती.

"स्पर्धेचं उद्घाटन तुमच्या हातून," मास्तर म्हणाले. "उद्या दुपारी. भाषण झालं की पहिलीच लढत हिची. तुमचं ते 'उठ' ऐकलं की पोरं पेटतात."

चॅम्पियनची मुलगी चहा घेऊन आली होती. ती हसली.

"मास्तर, मला लहानपणापासून एक कोडं आहे. आईनं बाबांना कधी एकेरी हाक मारली नाही. भांडतानासुद्धा 'तुम्ही गप्प बसा' म्हणायची. मग 'उठ' कशी म्हणाली? 'उठा' तरी म्हणायला हवं होतं."

"नवरा आडवा पडल्यावर अहो-जाहो कोण करत बसतंय?" मास्तर म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. मुलगी हसली. चॅम्पियनही हसला.

डावरी हसली नाही. मान वळवून उजवी बाजू पुढे करत तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

"हिचं हे असं चाललंय," मास्तर म्हणाले. "परवा सरावात एक बसला, तेव्हापासून काही सांगितलं की ऐकत नाही. पेपरात फोटो आला ना. हवा गेलीय डोक्यात."

"ऐकते की," डावरी पुटपुटली.

चॅम्पियननं तिच्या वळलेल्या मानेकडे पाहिलं. ती मान त्याच्या ओळखीची होती, तो स्वतः इतकी वर्षं तशीच वळवत आला होता. त्यानं कप खाली ठेवला, काही विचारायला तोंड उघडलं, आणि डाव्या कानात बायको बोलायला लागली. अगदी कोवळा आवाज होता. लग्नाला फार दिवस झाले नसावेत.

"आज पेपरवाले आले होते. पुन्हा तेच सांगितलंत. मी मान खाली घालून हसले. काय करू मग?"

तो तसाच राहिला. पुढचं काही येतंय का याची वाट बघत, तोंड अर्धवट उघडं ठेवून. भानावर आला तेव्हा मास्तर चपला घालत होते आणि डावरी जिना उतरून गेली होती.

"बाबा, ते विचारतायत, गाडी पाठवू का," मुलगी मोठ्यानं म्हणाली. "कुठे लक्ष असतं तुमचं हल्ली?"

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल भरला होता. घामाचा आणि रबराचा वास होता, पंखे घरघरत होते. चॅम्पियन मंचावरच्या खुर्चीत बसला. उजवीकडे मास्तर आणि डावीकडे रिकामी खुर्ची. ती खुर्ची त्यानंच ठेवायला लावली होती, का ते कुणी विचारलं नाही. समोर पहिल्या रांगेत डावरी हातांना पट्ट्या बांधून बसली होती. शेजारची मैत्रीण काहीतरी सांगत होती आणि डावरी दर वेळी अख्खी वळून तिला उजवा कान देत होती.

कुणीतरी माईक ठाकठीक करत होतं. तेव्हा डाव्या कानात बायको आली.

इतक्या जवळून ती कधीच बोलली नव्हती. तिचा श्वास कानाला लागत होता. रडून झाल्यावर जसा ओला आवाज येतो तसा आवाज होता. लढतीनंतरची इस्पितळातली पहिली सकाळ असणार ती, त्याला कळलं.

"उठू नका म्हणत होते मी. अहो, पडून राहा, उठू नका. किती ओरडले. तुम्ही अर्धंच ऐकलंत."

मग ती थांबली. चॅम्पियन डावीकडे झुकला.

"ऐकू येतंय का हो या बाजूनं?"

"येतंय," तो म्हणाला.

"काय येतंय?" उजवीकडून मास्तरांनी विचारलं.

"नाही ना," डावीकडून ती म्हणाली. "मग राहू दे."

त्यानं वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. तो वाट बघत राहिला. कानात साधी घूंसुद्धा नव्हती.

मास्तरांनी त्याच्या दंडाला हात लावून त्याला माईकपाशी नेलं. त्यानं नेहमीप्रमाणे सुरुवात केली. शब्द त्याला शोधावे लागत नव्हते. शेवटची फेरी, खाली पडणं, अंधार, पंचाचे आकडे. हॉल शांत झाला. सगळ्यांना पुढचं माहीत होतं आणि सगळे त्याचीच वाट बघत होते.

"तेव्हा माझी बायको म्हणाली—"

"उठ!" सगळा हॉल एका आवाजात ओरडला.

तो माईक धरून उभा राहिला. टाळ्या सुरू झाल्या होत्या. त्यानं हात वर करून त्या थांबवल्या.

"नाही," तो म्हणाला. "उठू नका, असं म्हणाली होती ती. मला अर्धंच ऐकू आलं."

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि हसण्याची लाट पुढपर्यंत आली. चॅम्पियन म्हातारपणी विनोद करायला लागला. बायकोचं अर्धंच ऐकणारे आणखीही नवरे हॉलमध्ये होते, ते जास्त हसले. चॅम्पियन हसला नाही, पण ते मागच्यांना दिसत नव्हतं.

मास्तर लगबगीनं आले आणि त्याच्या डाव्या बाजूला उभे राहून बोलू लागले. त्यांचे ओठ हलत होते, शिट्टी छातीवर उडत होती, मधेच त्यांनी भिंतीवरच्या "उठ"कडे बोट केलं. चॅम्पियन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. काही येत नव्हतं. आता खरोखरच भिंत होती.

पहिल्या रांगेत डावरी इकडेतिकडे बघत होती. सगळे का हसतायत ते तिला कळलं नव्हतं. तिनं मैत्रिणीला कोपरानं ढोसलं. मैत्रीण हसत हसतच तिच्याकडे झुकली. डावरीनं मान वळवून उजवा कान पुढे केला, आणि मैत्रिणीनं तिला सांगितलं.

तिनं मान तशीच ठेवली. मग सावकाश वर मंचाकडे पाहिलं. चॅम्पियन तिच्याकडेच बघत होता. त्यानं काही केलं नाही, फक्त आपला मुडपलेला कान तळहातानं झाकला.

डावरीनं खाली बघितलं. मनगटावरच्या पट्टीचं टोक तिनं दातात धरलं, गाठ ओढली आणि पट्टी सोडवायला सुरुवात केली.