वाऱ्यातली सात मिनिटं

आनंदराज सरांनी टेम्पोच्या खिडकीबाहेर काढलेला हात खाली झटकला, तशी शिवकन्या सायकलवर उभी राहिली आणि पायडलवर सगळं अंग टाकून निघाली. तिच्यामागे तीस पावलं अंतर ठेवून वैजनाथनं टेम्पो काढला. हौद्यात दुधाचे रिकामे कॅन एकमेकांवर आपटून खणखणत होते.

"अंतर ठेवा," सर म्हणाले. "वीस मिनिटं ती एकटी. आपण फक्त मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांसाठी."

"ठेवून राहिलो की," वैजनाथ जरा फणकाऱ्यानंच म्हणाला.

फणकाऱ्याला कारण होतं. सहा वर्षांत हा बाप पोरीच्या मागे कधी राहिलाच नव्हता. रोज सकाळी भोकरकडच्या गावांतलं दूध नांदेडला पोचवायचं आणि टेम्पोच्या मागच्या फळीला जवळजवळ चिकटून शिवकन्येनं यायचं, हा दोघांचा नेम. टेम्पो वारा कापायचा, तिला चाळीसचा वेग मिळायचा, आणि उजव्या आरशात वैजनाथला तिचं तोंड दिसत राहायचं. रस्त्यावरचे ड्रायव्हर चेष्टा करायचे, "वैजनाथ, लोकं म्हशी बांधत्यात, तू टेम्पोला पोरगी बांधली का?" तो नुसता हसायचा. पोरगी जिल्ह्यात पहिली आली, मग राज्यात दुसरी, मग राष्ट्रीय स्पर्धेत चौथी. तेव्हा चेष्टा करणाऱ्यांनीच चौकात तिचा फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर सायकल अंगठ्याएवढी आणि पुढारी मोठे होते, ती गोष्ट वेगळी.

वैजनाथच्या लेखी आता पहिला नंबर तेवढा राहिला होता. नांदेडच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या आनंदराज सरांना मात्र पुढचं दिसत होतं. देशात रस्त्यावरच्या मोठ्या शर्यती वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. चौथीची कधीतरी पहिली होईल, खेळाडू म्हणून नोकरी लागेल, आणि सायकल भिंतीला टेकवली जाईल. सरांची स्वतःची तशीच टेकली होती. खरं व्यावसायिक व्हायचं तर जिथे दर आठवड्याला शर्यत असते तिथे जाऊन, शंभर-सव्वाशे जणींच्या घोळक्यात कोपर खात शिकावं लागतं. बेल्जियममधल्या एका महिला संघाला सरांनी दोन वर्षं पत्रं लिहिली. शेवटी उत्तर आलं. एक जागा आहे. मुलीनं एकटीनं, कुठल्याही गाडीचा आडोसा न घेता वीस मिनिटं सायकल चालवावी. पायडलवरच्या जोराची सरासरी दोनशे चाळीस वॅट हवी. नोंद शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचली पाहिजे.

त्यात आठवडाभर शिवकन्या तापानं पडून होती. आज शनिवार होता.

सरांनी वैजनाथला दहा वेळा समजावलं होतं, "वेगाचं काही खरं नसतं. उताराला आणि आडोशाला कुणीही पळतं. सायकलला लावलेलं यंत्र फक्त पायातला जोर मोजतं. आडोसा मिळाला की जोर कमी लागतो, आणि आकडा पडतो." वैजनाथनं दहाही वेळा मान हलवली होती. मान हलवणं आणि समजणं यांत किती अंतर असतं, हे वीस वर्षं मास्तरकी करूनही सरांच्या ध्यानात राहिलं नाही.

पहिली दहा मिनिटं झकास गेली. अकराव्या मिनिटाला रस्ता वळला आणि वारं समोरून आलं. काढलेल्या हळदीचा वाळका पाला शेतांतून उडून डांबरावर येत होता. शिवकन्या आणखी खाली वाकली. तिचे खांदे डावी-उजवीकडे झुलू लागले. वैजनाथ स्टिअरिंगवर पुढे सरकून तिच्याकडे बघत होता. आजवर त्यानं तिचं तोंड पाहिलं होतं, पाठ पाहिलीच नव्हती. पोरीची पाठ एवढी बारीक असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

त्यानं टेम्पो उजवीकडे घेतला, तिला ओलांडलं आणि तिच्यापुढे आणून बसवला.

"वैजनाथराव! काय करून राहिले!" सर ओरडले.

सवय पायात होती आणि पाय ॲक्सिलरेटरवर होता.

"पुढं काढा गाडी! लांब पळवा!"

"कशी पळवू? एकदम वारं बसंल तिला, तोल जाईल."

"मग थांबवा!"

"थांबवली तर आदळंल की सर ती!"

पोरगी मागे असताना ब्रेक मारायचा नाही आणि गाडी पळवायचीही नाही, हा सहा वर्षांचा नियम होता. तो नियम वैजनाथ आत्ताही मनोभावे पाळत होता. काटा पस्तीसवर धरून, एकही गचका न देता, पूर्ण काळजीनिशी तो आपल्या लेकीची संधी घालवत होता.

उजव्या आरशात शिवकन्येचं तोंड आलं. वैजनाथला क्षणभर बरंही वाटलं. मग ते तोंड आरशातून बाहेर सरकलं. ती आडोसा सोडून उघड्या रस्त्यावर आली होती. वाऱ्यानं तिला असा धक्का दिला, की पुढचं चाक वीतभर हललं. तिनं ते सावरलं आणि इंचाइंचानं पुढे येत ड्रायव्हरच्या खिडकीपाशी पोचली. बापाकडे तिनं पाहिलं नाही.

"बाबा, मागं व्हा," ती म्हणाली, आणि टेम्पोच्या पुढे निघून गेली.

वैजनाथनं पाय उचलला. खिडकीतून ऐकू आलेला तिचा श्वास त्याच्या कानात तसाच होता. बघता बघता ती शंभर पावलं लांब गेली, मग दोनशे. या रस्त्यावर त्याला आजवर कुठल्या सायकलवाल्यानं मागे टाकलं नव्हतं. आपण काहीतरी भलतंच करून बसलो, हे त्याला आता कळत होतं. लाजेनं त्याचे कान तापले होते. आणि तरीही छाती अशी भरून आली होती, की शेजारी सर नसते तर तो मोठ्यानं ओरडला असता, बघा रे, ती माझी पोरगी हाय.

वीस मिनिटं संपली तेव्हा शिवकन्या रस्त्याकडेच्या लिंबाखाली आडवी झाली होती. सरांनी सायकलवरच्या यंत्राचा आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"दोनशे सदतीस."

"तीन कमी," ती म्हणाली. मग उठून बसली. "कोण म्हणलं होतं तुमाला म्होरं यायला?"

वैजनाथनं पाण्याची बाटली पुढे केली. तिनं ती घेतली नाही.

"सहा वर्षांत एकदा तरी म्हणले का मी, की आडोसा नसला तर मला जमत न्हाई?" तिचा आवाज फाटला. "एकदा तरी?"

"न्हाई," वैजनाथ म्हणाला.

परत करणं शक्यच नव्हतं. तिच्या मांड्या अजून थडथडत होत्या. सरांनी रुमालानं मान पुसली आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "मधली दोन मिनिटं यंत्रात बिघाड झाला, असं लिहिता येईल. होतं कधी कधी."

शिवकन्या गवताची काडी मोडत राहिली. दोनशे चाळीसपासून ती तीन वॅट लांब होती, आणि हा पूल सर आयता घालून देत होते.

"नको सर," ती म्हणाली. "हाय तसं पाठवा."

"आणि त्याच्या खाली लिहा," वैजनाथ एकदम बोलला. "माझ्या नावानं लिहा. चूक बापाची हाय. पोरीनं बोलावलं नव्हतं. ती सोडून पुढं गेली, हे बी लिहा."

सरांनी तिथंच लिंबाखाली बसून मोबाइलवर ते इंग्रजीत लिहिलं. वैजनाथनं ते दोनदा वाचून दाखवायला लावलं. स्वतःच्या नावाशिवाय त्याला एक अक्षर कळलं नाही, पण नाव दोन्ही वेळा नीट आलं. शिवकन्येनं हात लांब करून बाटली घेतली.

उत्तर बुधवारी आलं. फोनवर सांगायला सरांना धीर धरवेना, म्हणून ते मोटारसायकल काढून थेट गावात आले. वैजनाथ अंगणात कॅन विसळत होता. शिवकन्येनं मोबाइल हातात घेतला, वाचला, परत वाचला, आणि सरांच्या पाया पडायचं अर्धवट सोडून "आई!" म्हणत घरात पळाली. सरांनी मग वैजनाथला मराठीत सांगितलं. मधल्या दोन मिनिटांत आकडा का पडला ते कळलं. आडोसा सोडल्यानंतरच्या सात मिनिटांची सरासरी दोनशे बावन्न आहे. जूनमध्ये या.

वैजनाथनं ओल्या हातानंच सरांचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

"मग तिथं पहिला नंबर कवा येईल तिचा?"

सर याच प्रश्नाला भीत आले होते. आता गावात फ्लेक्स लागणार, सत्कार होणार, आणि दर रविवारी लोक निकाल विचारणार.

"नंबर येणार न्हाई, वैजनाथराव," ते म्हणाले. "निदान दोन-तीन वर्षं तरी. तिथं संघात एक प्रमुख असते. जिंकायचं ते तिनं. नव्या पोरींनी तिच्या म्होरं राहायचं, समोरचं वारं अंगावर घ्यायचं, तिला शेवटपर्यंत ताजी न्यायची आणि मग बाजूला व्हायचं. पेपरात नाव येतं ते प्रमुखाचं. आपल्या शिवकन्येला या कामासाठी घेतलंय."

"म्हंजी वारं अडवायचं?"

"हाव."

"सगळी शर्यतभर?"

"जमंल तितकं."

वैजनाथनं कॅनमधलं पाणी कडेच्या जास्वंदीला ओतलं. झाकण हातात धरून तो तसाच उभा राहिला. आतून मायलेकींचं एकाच वेळी रडणं आणि हसणं ऐकू येत होतं. माणूस खट्टू झाला असं वाटून सर घाईनं म्हणाले, "सगळ्या मोठ्या खेळाडू अशाच वर गेल्यात हो. कमीपणाचं काम न्हाई ते."

"कमीपणाचं कोण म्हणलं, सर?" वैजनाथ म्हणाला. "मी येगळाच इचार करून राहिलो. तिच्या मागं जी पोरगी असंल ना, ती लई नशिबाची."