बिनतेलाचं अक्षर

कोळप्यांच्या वस्तीवर घर रंगवायला पेंटर आला, तो पहिल्यांदाच. एरवी चुना भिजवायचा, त्यात जराशी नीळ टाकायची आणि घरच्या बायांनीच कुंचा फिरवायचा, असा निमोणे गावातला शिरस्ता. पण हर्षदाचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं, पाव्हणे पाटसचे, आणि तिचा थोरला भाऊ बिरदेव शिक्रापूरच्या कंपनीत कामाला. त्याने शिरूरच्या म्हाळू पेंटरलाच गाठलं. बयाबाईला, म्हणजे त्यांच्या आईला, आधी हसूच आलं. भिंती घासून, भेगांत लांबी भरून हा बाबा दोन दिवस नुसता वाळायची वाट बघत बसला होता.

चौथ्या दिवशी भिंती पिस्ता रंगाच्या झाल्या. मग म्हाळू दारावर नाव लिहायला शिडीवर चढला. बिरदेवने सकाळीच चिठ्ठी देऊन ठेवली होती. बयाबाई खाली चहा घेऊन उभी.

ती शाळेत कधी गेली नव्हती. एकच अक्षर तिला ओळखता येई, श्री. पत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, टेम्पोच्या कपाळावर सगळीकडे पहिलं तेच असतं ना! म्हाळूने खडूने पहिलं अक्षर काढलं आणि बयाबाई वर बघतच राहिली.

"पेंटर, ह्ये श्री न्हाई."

"न्हाई मावशी. चिठ्ठीत हाय तेच लिव्हतोय."

"वाचून दावा बरं."

म्हाळूने तिच्या कपाळावरच्या ठसठशीत कुंकवाकडे पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "कै. मल्हारी संतू कोळपे यांच्या आशीर्वादाने."

"कै म्हंजी?"

"बिरदेवला इचारा, मावशी," म्हणून तो खाली उतरला. तेवढ्यावरून बयाबाई काय ते समजली.

चौदा वर्षांमागे दिवाळी झाली तसा तिचा नवरा मल्हारी मेंढरं घेऊन कोकणात उतरला. वैशाखात भावकीबरोबर मेंढरं परत आली, मल्हारी आला नाही. कुणी म्हणालं वारला, कुणी म्हणालं कल्याणच्या बाजूला दुसरं घर केलंय. बयाबाई रोज अंघोळ झाली की कुंकू लावून कामाला लागायची. कसला का असेना, कुठे का असेना, नवरा आहे, एवढ्यावर तिने दोन लेकरं वाढवली. आणि आता पोटचा पोरगाच तिचं कुंकू पुसायला निघाला होता.

संध्याकाळी बिरदेव आला. "आई, बाप पळून गेल्याली पोर कोन करतंय? म्या सांगितलं, वारलाय. पत्रिकाबी तशाच छापल्यात."

"जित्या मानसाला मारलंस रं?"

"जिता हाय ह्ये तुला कुनी सांगितलं? चौदा वर्षांत एक निरोप तरी आलाय का?"

चुलीपुढे हर्षदाचे भाकरी थापते हात थांबले होते. ती आईकडे बघत राहिली. त्या नजरेपुढे बयाबाईचं काही चालेना.

"लिव्हू दे," ती म्हणाली, आणि पदराने कपाळ पुसलं.

सकाळी म्हाळूने तिचं उघडं कपाळ पाहिलं आणि तो कामाला लागला. सगळं नाव विटकरी ऑइलपेंटने लिहिलं, पहिलं अक्षर मात्र दुसऱ्या वाटीतल्या रंगाने. खाली येऊन हळूच म्हणाला, "मावशी, बाकीचं त्यालातलं हाय, ते हालायचं न्हाई. ह्ये पयलं नुसतं गेरू आन् डिंक पान्यात कालवून काढलंय. लगीन उरकलं की वल्लं फडकं फिरवा."

बयाबाईला हुंदका आवरेना. कोण कुठला माणूस, पण पोटच्या पोराला जे कळलं नाही ते त्याला कळलं होतं.

लग्न झालं. गावाने पोरीसाठी तोंडं शिवून घेतली. हळद लावायला चुलती, ओटी भरायला चुलती. बयाबाई मांडवामागे तांदूळ निवडत बसली. स्वतःच्या लेकीला हळदीचं बोट लावायचीही तिला सोय राहिली नव्हती.

संक्रांतीच्या सकाळी तिने स्टूल ओढलं, ओलं फडकं फिरवलं आणि ते अक्षर पुसून टाकलं. मग कुंकू लावलं, सुगडं ताटात मांडली आणि देवळाची वाट धरली. वाटेत शेजारची कुशाबाई आडवी आली.

"अवो बयाबाई, ह्ये काय?"

"माजं कुंकू हाय ते."

"हाय की. आमाला का ठावं न्हाई? पन देवळात सतरा गावच्या बाया आल्यात. पाटसला कळायला किती येळ? पोरीला माघारी धाडतील वो. तुमच्या पाया पडते, मागं फिरा." बोलता बोलता कुशाबाईचेच डोळे भरले. तिनेच आपल्या पदराने बयाबाईचं कपाळ पुसलं.

बयाबाई ताट घेऊन घरी आली. दारावर नावाच्या आधी एका अक्षराची जागा मोकळी होती. ती उंबऱ्यावर बसून बराच वेळ रडली.

बाजाराच्या दिवशी ती एसटीने शिरूरला गेली आणि म्हाळूच्या दुकानापुढे उभी राहिली.

"पेंटर, ते अक्षर परत लिव्हायचंय."

"का वो मावशी? पुसलं न्हाई का?"

"पुसलं," बयाबाई म्हणाली. "आता त्याल घालून लिव्हा."