वीस ऑगस्टच्या आधी

धरणाचे तिन्ही दरवाजे हातानं फिरवायच्या चाकावर चालत, म्हणून एकतीस वर्षं ती चाकं फिरवणाऱ्या माणसाला सगळे चाकवाले म्हणत. भिंतीच्या टोकाला खात्यानं दिलेल्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको राहत. निवृत्तीला नऊ महिने उरले होते.

खात्याचा नियम जुना होता. सुरुवातीच्या पुरांबरोबर गाळ येतो, म्हणून वीस ऑगस्टपर्यंत दरवाजे उघडे ठेवायचे आणि नंतरच्या पावसावर धरण भरून घ्यायचं. पूर्वी तसं भरायचंही. पण गेल्या बारा-पंधरा वर्षांत पावसानं आपली चाल बदलली होती. तीन महिने रिमझिमणारा पाऊस आता जुलैत दोन-तीनदा अंगावर धावून येई आणि वीस ऑगस्टनंतर नुसते ढग दाखवून जाई. बैल गेला अन् झोपा केला, तसं चाकवाले दरवर्षी रिकाम्या धरणाचे दरवाजे लावत. ही तारीख बदलावी म्हणून त्यांनी चार अर्ज केले. उत्तर एकाचंही आलं नाही.

त्या वर्षी नऊ जुलैला वरच्या डोंगरावर तीन तास पाऊस कोसळला. चाकवाल्यांनी गढूळ लोंढा जाऊ दिला. दर दोन तासांनी काचेच्या बरणीत पाणी घेऊन गाळ किती बसतो ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बरणीचा तळ जवळजवळ स्वच्छ राहिला, तेव्हा त्यांनी एकेक करून तिन्ही दरवाजे बंद केले.

बायकोनं कपाळाला हात लावला. नऊ महिन्यांसाठी कशाला विंचवाच्या बिळात बोट घालता, असं तिनं विचारलं. चाकवाले तळवे चोळत राहिले. हात दुखत होते, आणि बरंही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी इंजिनिअर मॅडम जीपमधून आल्या. वयानं मुलीएवढ्या, कामात चोख. त्यांनी आधी पाण्याची पातळी पाहिली, मग नियमाचा कागद पुढे केला.

"काका, दरवाजे उघडा. उद्या आणखी पाऊस आला आणि काही झालं तर जबाबदार मी."

"जास्तीचं पाणी सांडव्यावरून जाईल, मॅडम. तो त्यासाठीच बांधलाय. आणि काही झालं तर इथं पहिला मी आहे. माझं घर भिंतीवरच आहे."

"हा हुकूम आहे."

"हुकूम ऑगस्टला द्या, त्यानं पाऊस आणावा. मग उघडतो."

मॅडम निघून गेल्या. पंधरा दिवसांनी निलंबनाचं पत्र आलं आणि त्याबरोबर दुसऱ्या धरणावरचा एक जाडजूड माणूस, दरवाजे उघडायला.

तो चाकाच्या चौथऱ्याकडे गेला, तर पायरीवर चाकवाल्यांची बायको भाजी निवडत बसली होती. त्यानं बाजूला व्हायला सांगितलं. तिनं देठ मोडत विचारलं, "भाऊ, तुमच्या धरणात किती पाणी आहे?"

तो म्हणाला, "तळाला."

"मग बसा. चहा घ्या."

तो बसला. चहा पिऊन त्यानं पाण्याकडे बराच वेळ पाहिलं आणि कार्यालयात फोन करून कळवलं की त्याचा खांदा धरलाय, आज चाक फिरणार नाही. तो खांदा वीस ऑगस्टपर्यंत काही सुटला नाही. त्यानंतर पाऊस आला तो शिंतोड्यांपुरता. धरण अर्ध्याच्या वर होतं. कालव्याला पाणी सुटलं, ते मार्चपर्यंत पुरलं.

तरी चौकशी झालीच. लांब टेबलामागे तीन साहेब होते, कडेला मॅडम. चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढं लिहून द्या म्हणजे पेन्शनला धक्का लागणार नाही, असं साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. कागद तयार होता, फक्त सही हवी होती.

चाकवाल्यांनी तो दोनदा वाचला. मग मॅडमकडे पेन मागितलं. मॅडमनी मान वर न करता दिलं. चाकवाल्यांनी छापील मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'दरवाजे मी लावले. पाणी स्वच्छ झाल्यावर लावले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन.' त्याखाली पूर्ण नावानिशी सही केली.

पेन्शन दोन वर्षं अडली, मग थोडी कापून मिळाली. बायको म्हणाली, अक्षर तरी नीट काढलंत ना? ते म्हणाले, होतं नव्हतं तेवढं चांगलं अक्षर त्या कागदावरच खर्च केलं.